ओक रोडवरचं दार

कोल्हापुरात फुटबॉलला परगाव नाही. पाटाकडील असो, शिवाजी तरुण मंडळ असो, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, सगळ्यांच्या मॅच एकाच ठिकाणी, राजर्षी शाहू स्टेडियमवर. पेठा वेगळ्या, तालमी वेगळ्या, रंग वेगळे, ईर्ष्या पिढीजात. मैदान मात्र एकच. मी शिवाजी पेठेतला. मॅच म्हणजे जेवण उरकून चालत निघायचं आणि वडिलांच्या शेजारी आपल्या लोकांत जागा धरायची. समोरच्या बाजूला बसून आपल्या नावानं शंख करणारी मंडळी संध्याकाळी दूध कट्ट्यावर भेटायची आणि वडील त्यांच्याशी म्हशीच्या धारेवर बोलायचे.

दुसऱ्याच्या गावात जायचं, दुसऱ्याच्या मैदानावर, ठरवून दिलेल्या कोपऱ्यात हजारभर माणसांनी उभं राहायचं आणि चारी बाजूंनी आवाज अंगावर येत असताना आपल्या टीमसाठी ओरडायचं, हे मला इंग्लंडमध्ये आल्यावर कळलं. इथं प्रत्येक क्लबचं स्वतःचं घर आहे, आणि म्हणून प्रत्येक क्लबचे पाहुणे आहेत. मला स्वतःला घरच्या मॅचपेक्षा परगावची मॅच जास्त आवडते. त्यातही लहान मैदान असेल तर विचारूच नका.

माझा क्लब ब्रेंटफर्ड. पश्चिम लंडनमध्ये राहायला आलो आणि सर्वांत जवळचं मैदान त्यांचं होतं, एवढंच कारण. ग्रिफिन पार्क म्हणजे घरांच्या रांगांमध्ये कोंबलेलं मैदान, आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब. १९०४ पासून क्लब तिथं खेळत होता. २०२०च्या २९ जुलैला स्वान्सीविरुद्ध तिथली शेवटची मॅच झाली. ती ३-१ अशी जिंकली, पण कोविडमुळे आत एकही प्रेक्षक नव्हता. ज्यांनी तिथं आयुष्य काढलं त्यांनी तो निरोप टीव्हीवर पाहिला. माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे गृहस्थ अजूनही त्या दिवसाबद्दल बोलताना मध्येच थांबतात. ते सत्तरीचे आहेत आणि लहानपणापासून ग्रिफिन पार्कला जात होते. आताचं आमचं स्टेडियम १७,२५० माणसांचं, नवंकोरं, कुठूनही मैदान स्वच्छ दिसतं. मला ते आवडतं. पण त्याच्या भिंतीला लागून कुणाचं स्वयंपाकघर नाही.

म्हणून २०२३मध्ये ल्यूटन टाउन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, आला तेव्हा मी कॅलेंडर उघडून आधी ती एक तारीख शोधली.

ल्यूटन लंडनच्या उत्तरेला तीसेक मैलांवर. लंडनकरांना विमानतळामुळे माहीत असलेलं गाव. एके काळी हे टोप्यांचं गाव होतं. टोप्या शिवणारे बहुतेक कारखाने गेले, पण क्लबला अजून 'हॅटर्स' म्हणतात. पुढे व्हॉक्सहॉलच्या गाड्यांचा कारखाना आला. क्लब १९०५ पासून केनिलवर्थ रोड नावाच्या मैदानावर खेळतो. त्याची अलीकडची कहाणी ऐकली तर कुणालाही माया वाटावी. २००७, २००८, २००९ अशा सलग तीन वर्षांत तीन वेळा खालच्या श्रेणीत घसरण. त्यातल्या शेवटच्या हंगामात तर आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीपायी ३० गुण वजा करून सुरुवात. गैरव्यवहार आधीच्या कारभाऱ्यांचे, शिक्षा मैदानावरच्या पोरांना आणि गॅलरीतल्या लोकांना. मग पाचव्या श्रेणीत पाच हंगाम. २०१४ला तिथून सुटका, आणि २७ मे २०२३ला वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून थेट प्रीमियर लीग. पेली रडॉक म्पान्झू हा खेळाडू त्या पाचव्या श्रेणीपासून सर्वांत वरच्या श्रेणीपर्यंत याच क्लबकडून खेळला. असं करणारा तो पहिला.

आमची मॅच २० एप्रिल २०२४ची, शनिवारची. पाहुण्यांच्या तिकिटाचं गणित साधं आहे. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला तीन हजार तिकिटं मिळतात. मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या दहा टक्के. केनिलवर्थ रोड बारा हजारांच्या आतबाहेरचं, म्हणजे आमच्या वाट्याला हजारावर थोडीच. २०१६ पासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे, आणि ती समर्थकांनी भांडून मिळवलेली आहे, हे मी आवर्जून सांगतो. कारण घरच्या तिकिटांना असं काहीच छप्पर नाही. मागणी अर्थातच प्रचंड. ज्यांनी वर्षभर गावोगाव फिरून पॉइंट्स जमवलेत त्यांना आधी. मी वुल्व्हरहॅम्प्टनपासून बर्नलीपर्यंत थंडी खाल्लेली होती. ती इथं कामाला आली.

सेंट पँक्रसहून गाडी पकडली की ल्यूटन फार लांब नाही. स्टेशनवरून मैदानाकडे चालत जाताना डनस्टेबल रोड लागतो आणि बरी पार्क नावाचा भाग सुरू होतो. इथं पाकिस्तानी, काश्मिरी, बांगलादेशी कुटुंबं दोन-तीन पिढ्या राहताहेत. मिठाईची दुकानं, सोन्याची दुकानं, लग्नाच्या कपड्यांच्या पेढ्या, फुटपाथवर मांडलेल्या आंब्याच्या पेट्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या, मधूनच एखादी मशीद. या गर्दीतून केशरी शर्ट घातलेले ल्यूटनचे लोक आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे आम्ही, सगळे एकाच दिशेला. इंग्लंडमध्ये मी बरीच मैदानं पाहिली, पण मैदानाकडे जाताना भाजणाऱ्या कबाबाचा आणि तळलेल्या समोशाचा वास फक्त इथंच आला.

एका दुकानात चहा घ्यायला थांबलो. गल्ल्यावरच्या चाचांनी माझ्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं.

"ब्रेंटफर्ड? वहाँ रहते हो?"

"जी. असल में महाराष्ट्र से हूँ. कोल्हापूर."

"वो चप्पलवाला?"

मला इतका आनंद झाला की मी चहा संपवून आणखी एक मागवला. ते मीरपूरचे. १९७०च्या दशकात कारखान्यात कामाला आले होते. फुटबॉल बघता का विचारलं, तर म्हणाले, नातू जातो, केशरी शर्ट त्याच्याकडेही आहे. मी शनिवारी दुकान सोडून कुठं जाणार. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, पूर्वी मॅचच्या दिवशी आम्ही दुपारीच शटर खाली ओढायचो. काचा फुटायच्या. माणसंही मार खायची. आता त्याच दिवशी धंदा होतो. चहाचे पैसे त्यांनी एकाच कपाचे घेतले.

त्यांचं ते शटर मला पुढचा दिवसभर आठवत राहिलं, कारण केनिलवर्थ रोडवर पाहुणा म्हणून जाणाऱ्यानं विसरू नये असा एक इतिहास आहे. १३ मार्च १९८५ला इथं एफए कप या बाद स्पर्धेच्या सहाव्या फेरीची मॅच होती, मिलवॉलविरुद्ध. पाहुण्यांच्या बाजूला मावतील त्याहून किती तरी जास्त माणसं घुसली, मैदानात उतरली, खुर्च्या उपटून पोलिसांवर फेकल्या. मॅच ल्यूटननं १-० जिंकली. मग तो जमाव याच गल्ल्यांमधून, याच घरांच्या आणि दुकानांच्या समोरून स्टेशनकडे गेला. त्यानंतर क्लबनं जो निर्णय घेतला तो तोवर इंग्लंडमध्ये कुणी घेतला नव्हता: १९८६-८७च्या हंगामापासून पाहुण्यांना बंदी. ओळखपत्र असलेले सभासदच आत येणार. त्या वेळचे अध्यक्ष डेव्हिड एव्हान्स पुढे हुजूर पक्षाचे खासदार झाले, आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला ही ओळखपत्रांची कल्पना देशभर लागू करायची होती. पहिल्याच वर्षी कार्डिफच्या समर्थकांना आत घ्यायला नकार दिला म्हणून ल्यूटनला लीग कपमधून काढून टाकण्यात आलं. तरी बंदी टिकली. चार हंगाम या मैदानावर लीगच्या मॅच झाल्या आणि त्यात समोरच्या संघाच्या गोलला ओरडायला, निदान उघडपणे, कुणी नव्हतं.

हाणामाऱ्या थांबल्या, हे मान्य केलंच पाहिजे. शटर खाली ओढणाऱ्या माणसाला तेवढं पुरेसं होतं, आणि त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. कोल्हापुरातही समर्थकांच्या राड्यामुळे मॅच बंद पडल्या आहेत, दगड आले आहेत, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की प्रेक्षकच नकोत. पण मला हा उपाय तेव्हाही चूक होता असंच वाटतं. शंभर-दोनशे गुंडांसाठी सगळ्या देशातल्या समर्थकांना एकाच पिंजऱ्यात बसवणं, हाच त्या काळाचा विचार होता, आणि त्याची किंमत १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूलकरांनी जिवानं मोजली. तेही परक्या मैदानावर आपल्या टीमसाठी आलेले लोक होते. त्यांच्याकडे बघणाऱ्या पोलिसांना आधी धोका दिसला, माणसं नंतर. त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या जानेवारी १९९०च्या अहवालात न्यायमूर्ती टेलर यांनी ओळखपत्रांची योजना नाकारली, मैदानं सुरक्षित करा असं सांगितलं, आणि त्याच वर्षी ल्यूटनचंही दार पुन्हा उघडलं.

त्या दाराबद्दल मला खरं लिहायचं आहे.

ओक रोड ही अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना विटांची, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं. प्रत्येकाला एक दार, दाराच्या वर खिडक्या, पुढं कचऱ्याचे डबे. चालत चालत तुम्ही त्या रांगेच्या मधोमध येता आणि जिथं आणखी दोन घरांचे दिवाणखाने असायला हवेत तिथं मोठं भगदाड आहे. वर कुणाची तरी बेडरूम आहे, खिडकीला पडदा आहे. खाली पाहुण्यांचं प्रवेशद्वार. तिकीट दाखवायचं, अंग चोरून टर्नस्टाइलमधून आत जायचं, आणि मग समोर लोखंडी जिना. तो जिना घरांच्या मागच्या अंगणांवरून वर चढतो.

मी जिन्यावर थांबलो. मागून लोक ढकलत होते तरी थांबलो. खाली डाव्या हाताला वाळत घातलेले कपडे होते: दोन सलवारी, शाळेचा पांढरा शर्ट, मोज्यांच्या जोड्या चिमट्यांना नीट ओळीनं. त्याच्या पुढच्या अंगणात एक तीनचाकी सायकल आडवी पडलेली, तिच्याजवळ कुंड्यांमध्ये पुदिना. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. एक बाई हातातलं भांडं पुसत दाराशी आल्या, वर आमच्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा आत गेल्या. हजार अनोळखी माणसं डोक्यावरून चालली आहेत याचं त्यांना काहीही वाटलं नसावं. दर दुसऱ्या शनिवारी हेच. या अंगणातल्या मुलांनी लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूकॅसल सगळ्यांना याच जिन्यावरून जाताना खालून पाहिलंय.

माझ्यापुढे चढणारी माणसं गाणी म्हणत होती. तिथं पोचल्यावर बऱ्याच जणांचा आवाज खाली आला. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातून जाताना माणूस जसा वागतो तसे ते वागले, आणि १९८६ साली ज्यांना दारातच अडवलं गेलं तेही बहुतेक असेच वागले असते.

आत ओक स्टँड. गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतील एवढी जागा, म्हणजे बसायचा प्रश्नच नाही. छपराला धरून ठेवणारे खांब मध्येच उभे, त्यातला एक माझ्या आणि लांबच्या गोलपोस्टच्या बरोबर मध्ये. उजवं पाऊल थोडं बाहेर टाकलं की गोलपोस्ट दिसायचा, आत घेतलं की नाहीसा. नव्वद मिनिटं मी तसाच झुलत होतो. मेन स्टँड १९२२चा. त्याच्या पाठीमागून पूर्वी डनस्टेबलला जाणारी रेल्वे होती, आता तिथं बसगाड्यांचा खास मार्ग आहे. म्हणून मैदानाला त्या बाजूनं कधी वाढताच आलं नाही. दुसरीकडे घरं. प्रीमियर लीगच्या अटी पुऱ्या करायला क्लबनं समोरचा बॉबर्स स्टँड काही महिन्यांत नव्यानं उभा केला, तरी तो काही रांगांपलीकडे जाऊ शकला नाही, कारण त्याच्याही मागे लोक राहतात. जागेच्या टंचाईतून प्रेक्षक आणि खेळ इतके जवळ आले आहेत की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या तोंडातून निघालेली शिवी पहिल्या रांगेला स्वच्छ ऐकू येते.

लहान मैदानावर पाहुण्यांना एक गोष्ट मिळते जी मोठ्या स्टेडियमवर मिळत नाही. तिथं साठ हजारांच्या समोर तीन हजार म्हणजे काहीच नाही. तुमचा आवाज छपराखाली विरतो. इथं छप्पर ठेंगणं, भिंती जवळ, आणि हजार गळे एकत्र आले की सगळ्या मैदानाला ऐकावं लागतं. घरच्या लोकांनाही मग उत्तर द्यावं लागतं. त्यांनी म्हटलं की आम्ही, आम्ही म्हटलं की ते. ही सवाल-जवाबाची मजा बंदीच्या काळात इथल्या माणसांनीही गमावली होती. ज्या वर्षी बंदी सुरू झाली त्याच वर्षी ल्यूटन पहिल्या श्रेणीत सातवा आला, त्यांच्या इतिहासातला सर्वोत्तम क्रमांक. १९८८ला आर्सेनलला ३-२ हरवून लीग कपही जिंकला, तो वेम्बलीवर, समोर आर्सेनलचे हजारो लोक असताना. ल्यूटनकरांना विचारा कुठली मॅच सर्वांत जास्त आठवते.

आमचे सत्तरीचे गृहस्थ माझ्या शेजारीच होते. खांबाकडे बघून ते म्हणाले, "ग्रिफिन पार्कलाही माझ्यासमोर असाच होता. पन्नास वर्षं मी तो चुकवत फुटबॉल पाहिला." आणि त्यांनी हात लांब करून त्या खांबाला थाप मारली.

मॅचबद्दल फार लिहीत नाही. ब्रेंटफर्ड ५-१. योआन विसाचे पहिल्या अर्ध्यात दोन, मग इथन पिनॉक, कीन लुईस-पॉटर आणि शेवटी केविन शाडे. पिनॉकच्या गोलचा मला जास्त आनंद झाला, कारण हाही माणूस हौशी लीगच्या चिखलातून वर आलेला, ल्यूटनच्या वाटेनंच म्हणा. त्या हंगामात आम्हालाही खाली जायची भीती होती. ती त्या दुपारी संपली आणि ल्यूटनची वाढली. पाचवा गोल झाला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये अनोळखी माणसांनी मला उचललं. खाली ठेवल्यावर मी शेजारच्या बाजूला पाहिलं. ओक स्टँडचा अर्धा भाग ल्यूटनच्याच लोकांचा असतो, मध्ये फक्त पहारेकऱ्यांची एक रांग. पलीकडे एक बाप आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलगी रडत होती आणि बाप तिला काहीतरी समजावत होता, मैदानाकडे बोट दाखवून. तेवढ्यात जादा वेळेत ल्यूक बेरीनं त्यांच्यासाठी एक गोल केला. ५-१. गुणतक्त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. ती मुलगी बापाच्या खांद्यावर चढून अशी ओरडली की आमच्याकडच्या दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपण जिंकत असताना समोरच्याच्या गोलला टाळी वाजवणं शाहू स्टेडियमवर मला कधी जमलं नसतं, पण तिथं मी कधी पाहुणा नव्हतो.

परत जाताना पुन्हा तोच जिना, तीच अंगणं. कपडे आत गेले होते.

ल्यूटन त्या हंगामात खाली गेला, आणि पुढच्या वर्षी आणखी एक श्रेणी खाली. पण नवं मैदान होणार आहे. स्टेशनजवळ पॉवर कोर्टला पंचवीस हजारांचं स्टेडियम बांधायला डिसेंबर २०२४मध्ये परवानगी मिळाली. क्लबनं कित्येक वर्षं ह्याचीच वाट पाहिली आणि त्यांचा तो हक्क आहे. बारा हजारांच्या जागेवर मोठ्या क्लबांशी पैशात टक्कर देता येत नाही, हे आम्हा ब्रेंटफर्डवाल्यांना कुणी शिकवायला नको. शेवटच्या मॅचला त्यांच्या लोकांना आत जाता यावं, आमच्यासारखं टीव्हीवर बघायची वेळ येऊ नये, एवढं मनापासून वाटतं. आणि त्या दिवशी ओक स्टँडमध्ये पाहुणेही असावेत, पूर्ण हजार, आणि तेही गळा काढून ओरडणारे.

आम्ही आणि ते आता दोन श्रेणींच्या अंतरावर आहोत, त्यामुळे लीगमध्ये गाठ नाही. कपच्या ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, मात्र काहीही निघू शकतं. ड्रॉ असतो त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसतो आणि माझ्या मुलीलाही बसवतो. ल्यूटन घरी, ब्रेंटफर्ड पाहुणे, असे गोळे निघाले तर दोन तिकिटं काढायची, सकाळची गाडी धरायची, जाताना चाचांकडे चहा घ्यायचा, आणि या वेळी दोन्ही कपांचे पैसे द्यायचे, असं आमचं ठरलंय.